दादाची वही

आई गेल्यानंतरच्या महिन्यात मी दादासाठी एक शर्ट आणला. त्याचं माप मला ठाऊक होतं, सुती लागतो हे ठाऊक होतं, मानेमागचं लेबल काढावं लागतं हेही ठाऊक होतं. कात्रीने लेबल कापलं आणि शर्ट त्याला दिला. त्याने तो घातला, काढला, घडी करून माझ्यासमोर ठेवला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तो म्हणाला, "आई उसवायची."

कापलेल्या लेबलाची एक कडक पट्टी शिवणीत अडकून राहते आणि ती अख्ख्या लेबलापेक्षा जास्त टोचते. आई ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवून लेबल मुळापासून काढायची. चाळीसेक वर्षं, प्रत्येक शर्टाचं. मी त्याच घरात वाढले आणि मला याचा पत्ता नव्हता.

दादा आता ५३ वर्षांचा आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो ऑटिस्टिक आहे. यासाठी मराठीत 'स्वमग्न' हा शब्द रुळलाय आणि तो मला कधीच पटलेला नाही. स्वतःत बुडालेल्या माणसाला फ्रिजचा आवाज बदललाय हे घरातल्या सगळ्यांच्या दोन दिवस आधी कसं कळेल? दादा जगात इतका बुडालेला असतो की त्याला अधूनमधून बाहेर येऊन श्वास घ्यावा लागतो, एवढंच. दुसरा शब्द 'विशेष मूल'. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी 'मूल' काही सुटत नाही. आणि शब्दासारखंच बाकीचंही. या विषयावरचं बहुतेक लिखाण, बहुतेक सोयी, बहुतेक कळवळा मुलांच्या वाट्याला येतो; ही माणसं अठराव्या वर्षी कुठे विरघळून जातात की काय, कोण जाणे.

अशा प्रत्येक घरात एक प्रश्न असतो, तसा आईचाही होता. "आमच्यानंतर याचं काय?" मी म्हणायचे, मी आहे ना. घर आहे, पैसे बाजूला ठेवलेत, कागदपत्रं झालीत. ती मान हलवायची, आणि थोड्या दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा. तिला बहुधा विचारायचं होतं की टाके कोण उसवणार.

त्या दिवसांत मी डॉनल्ड ट्रिपलेटबद्दल वाचत होते. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांवर एक शोधनिबंध लिहिला आणि ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून वैद्यकात आलं. त्यातलं पहिलं मूल म्हणजे डॉनल्ड. जन्म १९३३चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला. चार वर्षांचा होण्याआधीच त्याला आईवडिलांपासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने ते त्याला घरी घेऊन आले. वडिलांनी कॅनरना मुलाबद्दल ३३ पानांचं टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं. मला त्या पत्राचा हेवा वाटला. आमच्या आईने ३३ ओळीही लिहून ठेवल्या नव्हत्या.

पण माझ्या मनात घर केलं ते पत्राने नाही, एका शेतकरी जोडप्याने. १९४२ मध्ये डॉनल्डला गावाजवळच्या एका शेतावर राहायला पाठवलं. तीन वर्षांनी कॅनर तिथे भेटीला गेले आणि थक्क झाले. मुलाला मोजमापांचा नाद होता, तर जोडप्याने त्याला विहीर खणायला लावलं आणि ती किती खोल गेली ते सांगायचं काम दिलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला एक कोपरा नेमून दिला. तिथे प्रत्येकाच्या नावाची पाटी असायची: आधी नाव, मग प्राण्याची जात, शेवटी त्या शेतकऱ्याचं आडनाव. एका गोगलगायीला अशा रीतीने घराणं मिळालं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर त्याच्या हाती नांगर दिला. नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनरच्या देखत त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या, घोडा सफाईने वळवला.

मोजू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. मोजायला काहीतरी दिलं.

पुढे डॉनल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. आईवडील गेल्यावर त्याच घरात राहिला आणि २०२३ मध्ये, ८९व्या वर्षी गेला. म्हातारपणी त्याला शोधत पत्रकार गावात आले, तेव्हा त्याला दुखावलंत तर गाठ आमच्याशी आहे, असं गावकऱ्यांनी त्यांना बजावलं होतं. हे वाचून गळा दाटून येतो खरा, पण लगेच हेही लक्षात घ्यावं लागतं की बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. प्रत्येकाच्या आजोळी बँक नसते. कॅनरच्या त्या ११ मुलांपैकी जी मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत गेली, त्यांच्याबद्दल १९७१ मध्ये कॅनरनीच लिहिलं की तिथे दाखल होणं म्हणजे जन्मठेपच ठरली. मुलं एकसारखी नव्हती, सगळा फरक परिस्थितीचाच होता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण विहिरीची खोली विचारणारं कुणी त्या रुग्णालयांत नव्हतं, हे नक्की.

आमच्या घरी आणि शाळेत काय झालं ते सांगते.

शाळेत दादा तास चालू असताना उठून चालू लागायचा. वर्गात ट्यूबलाइट होती, जुन्या चोकची. तसली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि वर गुणगुणतही असते. बहुतेकांना ते दिसत नाही की ऐकू येत नाही. दादाला दोन्ही व्हायचं. त्याच्या उठून जाण्याची शिक्षा म्हणजे वर्गाबाहेर उभं राहणं. बाहेर ट्यूब नव्हती. तो तिथे अगदी आनंदात उभा असायचा आणि मास्तरांना वाटायचं, पोरगं निर्ढावलंय. मग शिक्षा वाढायची, म्हणजे दादाचं सुख वाढायचं. या व्यवस्थेत दोन्ही पक्ष काही वर्षं टिकले. ट्यूबचा उलगडा त्याने आम्हाला केला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. तोवर नव्या चोकच्या, न लुकलुकणाऱ्या ट्यूब येऊन जुन्याही झाल्या होत्या. त्याला खिडकीपाशी बसवलं असतं तरी भागलं असतं. पण खिडकीपाशी बसवायला आधी विचारावं लागतं की तू उठून का जातोस, आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबावं लागतं. दादाच्या बाबतीत तो वेळ कधीकधी दोन दिवसांचा असतो.

घरी आम्ही शाळेपेक्षा शहाणे होतो असं नाही. दादा आनंदात असला किंवा फार ताणात असला की डोळ्यांजवळ बोटं हलवायचा, भराभर. आमच्या घरात सर्वांत जास्त उच्चारलं गेलेलं वाक्य कुठलं असेल तर "हात खाली." आई म्हणायची, बाबा म्हणायचे, पाहुणे आले की डोळ्यांनी म्हणायचे. मी सात वर्षांची असताना माझ्या मैत्रिणींसमोर म्हटलेलं मला आठवतंय, आईच्याच सुरात. हळूहळू त्याचे हात खाली गेले. सगळ्यांना वाटलं सुधारणा झाली. हात खिशात गेले होते. टेबलाखाली गेले होते. आता याला मास्किंग म्हणतात, म्हणजे स्वतःच्या शरीराच्या सवयी लपवत, इतरांसारखं दिसत दिवस काढणं. माणूस त्यात इतका दमतो की ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, त्या कामाला ताकद उरत नाही.

आईची बाजू मात्र मांडली पाहिजे. दादा पाच वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की मुलाला माया कमी पडतेय, तुम्ही नोकरी सोडा. हे त्यांनी मनाने रचलेलं नव्हतं. फ्रिजसारख्या थंड आयांमुळे मुलं अशी होतात, ही कल्पना तेव्हा चांगली बस्तान बसवून होती. कॅनरनीही सुरुवातीला पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिलं होतं, आणि ब्रुनो बेटलहाइमने ती कल्पना साठच्या दशकात पुस्तकातून घराघरांत नेली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच दाखवून दिलं होतं की यात आईच्या मायेचा संबंध नाही, हे जन्मजात, शरीरातलं आहे. पण ते आमच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं नव्हतं. आईने नोकरी सोडली. दादामध्ये त्याने काडीचा फरक पडला नाही, आईमध्ये पडला.

दादाला नोकरी मात्र चांगली लागली. एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावायच्या, मागितलेली फाइल काढून द्यायची. तिथल्या बाईंनी पहिल्याच महिन्यात काही गोष्टी हेरल्या. तोंडी सांगितलेली तीन कामं तो विसरतो, चिठ्ठीवरची तीस चोख करतो. त्याची खुर्ची हलवू नये. काही बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावं. डब्याच्या सुट्टीत एकटा बसला तर बसू द्यावं, त्याला वाळीत टाकलंय असं समजून दया दाखवायला जाऊ नये. एवढ्यावर दादाने १७ वर्षं नोकरी केली. फाइल सापडत नाही असं तो असेपर्यंत तिथे झालं नाही.

मग बाई निवृत्त झाल्या. नवे साहेब वाईट नव्हते, उत्साही होते. भिंती पाडून एक मोठा हॉल केला, रोज हवी त्या खुर्चीत बसायचं, सगळ्यांनी मिळून मिसळून राहायचं. चिठ्ठ्या बंद झाल्या, कारण "आपण माणसं आहोत, बोलूया ना." दादाची प्रत्येक सोय बाईंच्या डोक्यात होती, कागदावर एकही नव्हती, आणि त्या गेल्या तेव्हा सोयीही त्यांच्या पर्समधून गेल्या. आठ महिन्यांत दादाची झोप गेली, मग बोलणं कमी झालं, मग एक दिवस तो घराच्या दारापर्यंत गेला आणि बूट घालून तिथेच बसून राहिला. दुपारपर्यंत. राजीनामा मी लिहिला.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात 'वाजवी सोय' अशी एक कल्पना आहे, आणि ती नाकारणं हा भेदभावच, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोरडं वाटलं होतं. बाईंच्या निवृत्तीनंतर कळलं की ते कोरडंच असायला हवं. चांगुलपणाची बदली होते, तो निवृत्त होतो, त्याला प्रमोशन मिळतं. नियम त्या मानाने जागचा हलत नाही.

त्या पडझडीतूनच निदान झालं. झोपेच्या तक्रारीसाठी गेलो होतो. डॉक्टरीणबाई दादाच्या लहानपणाबद्दल दोन तास विचारत राहिल्या. दादा ४३ वर्षांचा होता. एवढा उशीर का, याचं उत्तर थोडं इतिहासातही आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमची स्वतंत्र नोंद आली तीच १९८० मध्ये, आणि तीही लहान मुलांचा आजार म्हणून. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास हा निदानाचा भाग धरला गेला २०१३ मध्ये. त्याच साली हेही मान्य झालं की ऑटिझम आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं आणि चंचलपणा, एकाच माणसात असू शकतात. तोवर पुस्तिकेच्या हिशेबाने दोन्हींचं निदान एकत्र करता येत नव्हतं. त्यामुळे दादाच्या पिढीतली कितीतरी माणसं हट्टी, विक्षिप्त, गतिमंद, आळशी अशा नावांखाली जगून गेली. माझ्या एका सहकारी बाईला ४७व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. ती म्हणाली, गोळ्या नंतर बघू, आधी माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांनी माझी माफी मागायला हवी.

आईने निदान शांतपणे ऐकलं. ती तेव्हा सत्तरीची होती. परत येताना बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी काही केलं नव्हतं."

त्यानंतर ती सहा वर्षं होती. ती गेली तेव्हा दादा रडला नाही. किती वाजता गेली ते त्याने विचारलं, दोनदा, मिनिटासकट. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, बरंय, त्याला काही कळत नाही. आईच्या फोनवर पहाटे ५:४० चा गजर लावलेला असायचा. दादाने तो फोन चार्ज करत ठेवला आणि सात महिने रोज ५:४० ला उठून तो गजर बंद केला. ज्यांना काही कळतं अशा आम्हा बाकीच्यांपैकी कुणाला हे तिसऱ्या महिन्यापर्यंत माहीतसुद्धा नव्हतं.

डेमियन मिल्टन हा स्वतः ऑटिस्टिक असलेला समाजशास्त्रज्ञ. त्याने २०१२ मध्ये एक साधी पण आमच्यासारख्यांना झोंबणारी गोष्ट मांडली: न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, मग दोष एकाच बाजूच्या पदरात का? पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला. आठ आठ जणांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत गोष्ट जितकी टिकली, तितकीच कुणीही ऑटिस्टिक नसलेल्या साखळ्यांतही टिकली. ती जास्त वेगाने गळत गेली ती मिश्र साखळ्यांत. आमचं घर म्हणजे मिश्र साखळीच की.

डॉक्टरांकडे ही गळती महाग पडते. मागच्या वर्षी दादाला काहीतरी होत होतं, हे त्याच्या चालण्यावरून मला दिसत होतं. दुखतंय का, तर नाही. तपासणाऱ्यांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती त्रास आहे? दादाने विचारलं, "दहा म्हणजे कशाइतका?" त्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, मोजमापाच्या माणसाची रास्त शंका होती. दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी प्रश्न बदलला: गेल्या महिन्यात करता येत होतं आणि आता येत नाही, असं काय आहे? दादा लगेच म्हणाला, "डाव्या हाताने वरचं कपाट उघडता येत नाही. १९ दिवस." खांदा आखडला होता. अशी माणसं आता म्हातारी होतायत, त्यांच्यासोबत त्यांचे सांधे, कान, डोळे म्हातारे होतायत, आणि दवाखान्यातले प्रश्न मात्र अजून आपल्या मापाचे आहेत.

म्हणून मी वही घातली. माझ्यानंतर जो कोणी असेल त्याच्यासाठी, भाचा असो, शेजारी असो, पगारी माणूस असो. पहिल्या पानावर लेबल: कापू नये, उसवावं. मग मी आठवून आठवून लिहीत गेले आणि आठवड्याभरात बारा पानं झाली. दादाने ती मागितली. दोन दिवसांनी परत दिली तेव्हा निम्म्याहून जास्त मजकुरावर पट्टी ठेवून मारलेल्या सरळ रेघा होत्या.

'गर्दी आवडत नाही' यावर काट. खाली त्याच्या अक्षरात: "गर्दी चालते. आधी सांगावं. बाहेर पडायची वाट दाखवून ठेवावी." 'पाहुणे आले की आतल्या खोलीत बसू द्यावं' यावर काट. "मला पाहुणे आवडतात. सगळे एकदम बोलतात ते आवडत नाही. आई आत पाठवायची म्हणून मी जायचो." चाळीस वर्षं आम्ही त्याच्या भल्यासाठी त्याला आत पाठवत होतो. 'त्याच्या वतीने बँकेचं काम' यावर तर दोन रेघा. "मी करतो. सोबत कुणी असावं. सही माझी." वर उल्लेखलेल्या करारातला कायद्यापुढच्या समान मान्यतेचा, म्हणजे आपले व्यवहार आपण करण्याच्या हक्काचा मुद्दा पानभर आहे, दादाने तो तीन वाक्यांत उरकला.

लेबलाच्या ओळीला मात्र त्याने बरोबरची खूण केली होती. लेबल उसवायला ब्लेड चालेल की शिवणकामातलं टाके उसवायचं हत्यार घ्यावं, यावर पुढे एक अख्खं पान आहे, आकृतीसह.

गेल्या महिन्यात मी त्याला विचारलं, ही वही माझ्यानंतर कुणाकडे द्यायची? त्याने नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, "तू आधी जाशील हे कशावरून?" मला याचं उत्तर सुचलं नाही. चार वर्षांनी मोठा तो आहे, पण रक्तदाबाच्या गोळ्या मी घेते. मग म्हणाला, "तुझी वही कुठे आहे?"

माझी वही नव्हती. आता आहे, त्याने सुरू केलीय, निळ्या पुठ्ठ्याची. आतापर्यंत एकच पान झालंय.

"पाच मिनिटांत येते म्हणाली तर वीस धरावीत. चष्मा हरवला म्हणाली तर आधी डोक्यावर बघावा. रडताना जवळ जाऊ नये, पाणी ठेवून परत यावं. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालते. थांबवू नये."